घरचे पाच

लातूरला आमच्या गल्लीत दोन-तीन वर्षांत घरोघर भाचे राहायला आले. कुणाचे बिलोलीचे, कुणाचे शिरूर अनंतपाळचे, कुणाचे पार किनवटच्या जंगलातले. ज्या घरमालकाला एकही बहीण नव्हती त्याच्याकडे आठ भाचे होते. आमच्याकडे चौदा भाच्या होत्या. मला सख्खी बहीण एकच, ती नांदेडला असते आणि तिला दोन्ही मुलगेच आहेत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि नगरपालिकेलाही ठाऊक असणारच, पण कागदावर कुणी आणत नव्हतं.

कारण साधं होतं. शिकवण्यांचं गाव म्हणून लातूरचं नाव झालं, मराठवाड्यातल्या ज्याला त्याला आपलं लेकरू लातूरला ठेवून डॉक्टर करायचं होतं, आणि लेकरांना राहायला जागा कमी पडू लागली. मग आम्ही सगळ्यांनी घरांवर मजले चढवले. माझा वरचा मजला म्हणजे एक मोठा हॉल, त्यात प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या पाच खोल्या, एक लांबट बोळ, आणि चढायला अंगणातून एकच जिना. घरात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टी कमी, भाडेकरू असले की ती कितीतरी वाढते. म्हणून भाडेकरू कुणाकडेच नव्हते. पालिकेचा माणूस आला तर काय सांगायचं ते पोरींना पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं. मामाकडं राहते म्हणायचं. पोरी आधी हसायच्या, मग त्यांना सवय झाली, आणि महिन्याभरात त्या मला खरोखरच मामा म्हणायला लागायच्या. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो.

मी पेशानं मास्तर. एका अनुदानित शाळेत मराठी शिकवायचो, आणि आठवीला नागरिकशास्त्र. कर भरणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहून पोरांकडून वहीत उतरवून घेतलं आहे. अक्षर माझं चांगलं आहे.

पण गल्लीचं सांगण्याआधी मला भूकंपाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भूकंप झाला तेव्हा मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. लग्न व्हायचं होतं. दिवस उजाडल्यावर बातमी आली, आणि दुपारपर्यंत आमच्याच गल्लीतून एक ट्रक भाकरी निघाल्या. कुणी कुणाला सांगायला गेलं नव्हतं. बायकांनी चुली पेटवल्या, चादरी, पांघरुणं, लुगडी गठ्ठ्यांनी बाहेर आली. माझ्या आईनं तर लग्नासाठी घेऊन ठेवलेली सतरंजी दिली. मी त्या ट्रकवर बसून गेलो. पुढं आम्हा मास्तरांना याद्या करायचं काम मिळालं, म्हणून मी औशाच्या पलीकडच्या एका गावात पाच दिवस राहिलो.

गाव नव्हतंच तिथं. दगडमातीचे ढीग होते आणि त्यावर पाऊस पडत होता. खोदणाऱ्या माणसांबरोबर मी वही घेऊन चालायचो आणि प्रत्येक ढिगापुढं जो कुणी उरला असेल त्याला एकच प्रश्न विचारायचो, घरात किती माणसं होती? त्या आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून असायचं. आकडा पुरा होईपर्यंत फावडी थांबायची नाहीत, आणि आकडा पुरा झाला की माणसं पुढच्या ढिगाकडं जायची.

एक म्हातारी माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे. ती रात्री देवळाच्या पारावर झोपली होती म्हणून वाचली. मी विचारलं तशी म्हणाली, "सात. आन् पाव्हणा एक."

"पाव्हण्याचं नाव काय?"

"नाव ठाऊक न्हाई, बाबा. वाटंवरचा मानूस. गनपतीची गर्दी बघायला थांबला, रातीला आमच्यात जेवला. लिवा त्याला."

मी लिहिलं, पाव्हणा एक. सातजण संध्याकाळपर्यंत निघाले, कुणीच जिवंत नव्हतं. खोदणारे थकले होते, पुढचे ढीग वाट बघत होते, पण वहीत आठ लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवा निघाला. तोही गेलेलाच होता. म्हातारीनं आपल्या सात माणसांच्या शेजारी त्यालाही ठेवायला लावलं. त्या पाच दिवसांत मी कितीतरी दारांपुढं उभा राहिलो, म्हणजे दारं नव्हतीच, पण माझ्यापुढं कुणी एक माणूस कमी सांगितला नाही.

आणखी एक गोष्ट मी तिथं शिकलो. खोदता खोदता मधेच कुणीतरी हात वर करायचं आणि "गप" म्हणायचं. मग शंभर माणसं एकदम गप्प व्हायची आणि ऐकायची. एकदा असंच गप्प झाल्यावर खालून भांड्याचा आवाज आला, टण, टण, थांबून थांबून. चार तासांनी एक मुलगी निघाली. तिच्या हातात पितळी तांब्या होता. ओरडून ओरडून घसा गेला म्हणून ती तांब्या दगडावर आपटत बसली होती. ही गोष्ट मी पुढं वर्गात, घरात, वरच्या भाच्यांना, सगळ्यांना इतक्या वेळा सांगितली की माझी बायको म्हणायची, "आता तांब्या येणार बघा."

त्या महिन्यात शाळेत आमचा एका दिवसाचा पगार भूकंपासाठी कापला गेला. एरवी दोन रुपये कमी आले तर कारकुनाच्या टेबलावर मूठ आपटणारी माणसं आम्ही. कुणी ब्रही काढला नाही. कुणी पावती मागितली नाही.

आता गल्ली. भूकंपाला काही वर्षं झाली होती. लग्न होऊन मला दोन मुलं झाली होती, वर मजला झाला होता, आणि उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. नगरपालिकेनं घरपट्टी आणि नळपट्टी वाढवायचं काढलं तेव्हा मारुतीच्या देवळापुढं आमची बैठक बसली. जो तो तावातावानं बोलत होता. रस्त्यात खड्डे, गटारं तुंबलेली, दिवे लागत नाहीत, आणि वरून वाढ मागतात.

"आपुन भरायचं आन् त्येंनी खायचं. लई झालं," असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

आमचं म्हणणं खोटं होतं असं नाही. खड्डे होते, खाणारेही होते. पण त्याच बैठकीला बसलेला प्रत्येकजण टँकरवाल्याला मागेल तेवढे पैसे मोजत होता आणि वर त्याला चहा पाजत होता. त्याच्याशी कुणी हुज्जत घातल्याचं मला आठवत नाही. हुज्जत सगळी पालिकेशी.

आमच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, पालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवून त्यांच्या मनगटांचे सांधे सुजले होते. ते शेवटी बोलले. "नळ धा दिवसाला येतो म्हनून तुमी पट्टी देत न्हाई. पट्टी येत न्हाई म्हनून मोटार दुरुस्त व्हत न्हाई, मग नळ पंधरा दिवसाला. आधी कोन थांबनार, त्ये सांगा."

"आधी त्यांनी थांबावं," मी म्हणालो. सगळे हसले. मला हुशार उत्तर दिल्यासारखं वाटलं. म्हातारे चपला घालून घरी गेले.

मग निवेदन लिहायचं ठरलं आणि ते अर्थातच माझ्याकडं आलं. आधी सुविधा, मग कर, असं मी ठळक अक्षरांत वर लिहिलं. खाली सर्वसामान्य नागरिकांची परवड, असह्य बोजा, वगैरे. सह्या घ्यायला गल्लीभर फिरलो. एका घरी सही घेताना आतल्या खोलीतून अकरा भाच्यांची जेवणाची भांडी वाजत होती.

पुढच्याच आठवड्यात पालिकेचा मोजणीवाला आला. खाकी शर्ट, गळ्यात बिल्ला, हातात फीत आणि वही. भला माणूस होता. अंगणात बसला, पाणी प्याला आणि विचारलं, "सर, घरात राहतात किती?"

"घरचे पाच," मी म्हणालो. मी, बायको, आई, दोन मुलं.

"आन् वर?"

"वर काय, सुट्टीत भाच्या येऊन-जाऊन असतात."

त्यानं वर बघितलं. दोरीवर चौदा पोरींचे कपडे वाळत होते. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वहीत पाच लिहिले. चहाला थांबा म्हटलं तर थांबला. तो गेल्यावर आई आतून म्हणाली, "मास्तर हायस ना रं तू?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौदाजणींत एक किनवटकडची होती. सरकारी आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून दहावीला तालुक्यात चमकलेली, बापानं कशीबशी लातूरला आणून सोडलेली. कमी बोलायची. तिला संध्याकाळी अभ्यासाला उजेड कमी पडायचा म्हणून ती आमच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची, आणि आई तिला ओट्यावरच ताट वाढून द्यायची. मग ते ताट ती धुऊन वर घेऊन जायची आणि सकाळी परत आणायची. का, ते मी कधी विचारलं नाही. तांब्याची गोष्ट सगळ्यांत मन लावून तिनंच ऐकली होती. "मंग त्या पाव्हण्याचं नाव कळलं काय, मामा?" असं तिनं विचारलं होतं. बाकी कुणालाही कधी तो प्रश्न पडला नव्हता.

मोजणीवाला येऊन गेला त्यानंतरची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीतली बॅच चालू होती. शिकवणीत दिवसभराची चाचणी होती म्हणून पोरी सकाळीच गेल्या. मला सुट्टी होती. जेवून जरा आडवा झालो होतो, आणि जळाल्याचा वास आला. जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी होती, आणि तिला लागूनच मी कूलरच्या जुन्या, वाळलेल्या गवती जाळ्या आणि उरलेलं प्लायवूड रचून ठेवलं होतं. मीटरमध्ये ठिणगी पडली आणि ते सगळं पेटलं. मी बाहेर आलो तोवर जिन्यावरून धूर वर चढत होता. बायकोनं मुलांना आणि आईला समोरच्या ओट्यावर नेलं. कुणीतरी बंबाला फोन केला. बादल्या घेऊन धावलो, पण हौदात पाणी तळाला गेलेलं, नळाला अजून चार दिवस होते.

बंब आला. शहरात जे काही चालू स्थितीत होते त्यांतला एक, रंग उडालेला. त्याच्या टाकीतही पाणी अर्धंच होतं, गावालाच नव्हतं तर त्याला कुठून असणार. उतरलेला माणूस पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला. मोजणीवाल्यासारखाच खाकी शर्ट, तसाच पालिकेचा बिल्ला. नळी ओढता ओढता त्यानं मला विचारलं, "मास्तर, घरात किती मानसं राहत्यात?"

"घरचे पाच," मी म्हणालो. "सगळे खाली आहेत."

हे मी कसं म्हणालो याचा विचार मी पुढं पुष्कळ केला आहे. पोरी चाचणीला गेल्यात असं मला खरंच वाटत होतं, तेव्हा जाणूनबुजून कुणाला वर ठेवलं असं नाही. पण त्यानं वर कोण आहे असं विचारलंच नव्हतं. राहतात किती, असं विचारलं होतं. खरा आकडा एकोणीस होता. एकोणीस म्हणालो असतो तर त्यानं बाकीच्या चौदाजणी कुठं आहेत म्हणून विचारलं असतं, मग मलाही एकेकीचा हिशोब द्यावा लागला असता. खाकी शर्ट दिसला, प्रश्न कानावर आला, आणि वर्षभर घोटून ठेवलेलं उत्तर तोंडातून बाहेर पडलं. आत आग लागलेली असताना मी घरपट्टी वाचवली.

तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "वर कोन न्हाई. पानी कमी हाय, खालूनच मारू. दमानं." आणि ते दमानं खालून पाणी मारू लागले. गल्ली बघायला जमली होती. निवेदनावर सह्या करणारे सगळे होते. पाणी बघा किती बारीक येतंय, बंब बघा कुठल्या काळातला, असं मागं चाललं होतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. फार नसावा. मग धुरातून आवाज आला. टण. थोडं थांबून, टण, टण.

तो आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. बंबवाल्यानं हात वर केला आणि "गप" म्हणाला. सगळी गल्ली गप्प झाली. पुन्हा आवाज आला, पण आधीपेक्षा हळू.

"वर पोरगी आहे," मी ओरडलो. आजवर माझ्या वर्गातही मी इतक्या मोठ्यानं ओरडलो नसेन.

बंबावरची शिडी मोडलेली होती. समोरच्या बांधकामावरून बांबूची शिडी आणली, शेजारच्या गच्चीवरून तो पांढऱ्या मिशांचा माणूस आमच्या गच्चीवर गेला, ओलं पोतं डोक्यावर घेऊन गच्चीचं दार फोडून आत शिरला. आम्ही सगळे खाली उभे होतो. माझी आई मोठ्यानं राम राम म्हणत होती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर किनवटची ती पोरगी होती. अंगात ताप भरला म्हणून ती चाचणी अर्धी सोडून परत आली होती, आम्ही झोपलेलो असताना जिना चढून शेवटच्या खोलीत जाऊन पडली होती. डोळे मिटलेले होते, पण श्वास चालू होता.

तिला रिक्षात घालायच्या आधी तो माणूस माझ्यापाशी आला. खोकत होता, मिशा काळ्या झाल्या होत्या. हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मास्तर, पाच म्हनला होता की."

संध्याकाळी त्याला कागद भरायचा होता. घरात राहणारे किती, हा रकाना त्यातही होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. गल्लीतले चारजण भोवती उभे होते, आणि मी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यानं स्वतःच लिहिलं, पाच, व पाहुणी एक. मला वाचवायला लिहिलं असणार. ते वाचताना मला म्हातारी आठवली, आणि स्वतःची इतकी शरम वाटली की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात तिला ठेवलं. त्या दवाखान्याबद्दलही मी पूर्वी पुष्कळ टिंगल केलेली होती. चादरी मळलेल्या होत्या, एका खाटेला पाय नव्हता म्हणून खाली विटा लावल्या होत्या. पण ऑक्सिजनचं नळकांडं तिथला शिकाऊ डॉक्टर स्वतः ढकलत घेऊन आला, आणि रात्र संपेपर्यंत तिच्याजवळून हलला नाही. सकाळी म्हणाला, वाचेल. आवाजाचं मात्र सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा बाप आला. रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर. वाळका, उंच माणूस, हातात एक पुडी. पुडीत चारोळ्या होत्या, माझ्यासाठी आणलेल्या. लेकीच्या मामाकडं रिकाम्या हातानं कसं यायचं. तो लेकीच्या उशाशी बराच वेळ बसला, मग बाहेर व्हरांड्यात येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"साहेब, त्या आगीच्या गाडीचं किती द्या लागते?"

"काही द्यायचं नसतं. ती सरकारी असते."

"आन् या डागदरचं?"

"त्याचंही नाही. फुकट आहे."

त्याला ते पटलं नाही. त्यानं आतल्या विटांच्या खाटेकडं बघितलं. "फुकट कसं ऱ्हाईल, साहेब? गाडीले तेल लागते, त्या मानसाले पगार लागते. कुनीतरी भरलं असंल की."

मी त्यानं दिलेली पुडी खिशात घातली.

"तुमी लोकं भरून राह्यले म्हनून गाडी हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं न्हाई." आणि त्यानं माझ्यापुढं हात जोडले. वाकून, पार कमरेतून.

"मी नाही भरलं," मी म्हणालो. अगदी हेच शब्द म्हणालो. त्याला वाटलं मी मोठेपणा नाकारतोय. तो आणखी वाकला.

घरी येऊन मी चारोळ्या आईच्या हातात दिल्या आणि जेवलो नाही.

आठ दिवसांनी पालिकेत गेलो. घरपट्टीच्या टेबलाशी बसून सांगितलं, माझ्या घराची नोंद चुकली आहे, राहणारे पाच नव्हते, एकोणीस होते, मजला भाड्यानं दिलेला होता. कारकून चक्रावला. "सर, आता वर राहतं कोन? पोरी तर समद्या गेल्या म्हनं." ते खरं होतं. आगीनंतर आईबापांनी पोरींना हलवलं होतं. "जेव्हा होत्या तेव्हाचं लिहा," मी म्हणालो. "मागचा फरक भरावा लागंल, सर." म्हटलं, लावा. त्यानं पुन्हा पुन्हा विचारून शेवटी लिहून घेतलं. निवेदनावरची माझी सही काढायचा अर्जही मी त्याच दिवशी दिला.

गल्लीला हे कळायला एक दिवस पुरला. "स्वतःची माती केली ती केली, आता पालिकेला समद्यांच्या मागं लावलं," असं शेजारी माझ्या तोंडावर म्हणाले आणि पुढं दोन वर्षं त्यांच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं माझ्या बायकोला आलं नाही. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्याकडं हळदीकुंकू असलं की त्या दिवशी ती ओट्यावर बसायची नाही. पाणीपुरवठ्यातले म्हातारे एकदा संध्याकाळी येऊन बसले, चहा प्याले, आपल्या मनगटांच्या दुखण्याविषयी बोलले आणि उठून गेले. त्या वर्षीही नळाला दहा दिवसांनीच पाणी येत होतं. माझ्या एकट्याच्या पट्टीनं मोटार दुरुस्त होणार नव्हती, हे मला माहीत होतं. बंबाला नवी शिडी आली की नाही, तेही मला कळलं नाही.

दिवाळीच्या आधी ती पोरगी आपली पत्र्याची ट्रंक न्यायला आली. आता नांदेडला एका नातेवाइकाकडं राहून पुन्हा परीक्षा देणार होती. आवाज तिचा गेलाच होता, म्हणजे येत होता, पण घोगरा, म्हाताऱ्या बाईचा असावा तसा. आईनं तिला जेवायला बसवलं. आई आत गेल्यावर मी तिच्यापुढं बसलो आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बंबवाल्यानं काय विचारलं, मी काय म्हणालो, आणि कागदावर तिची काय नोंद झाली.

ती भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक हाय, मामा. मी खिडकीपाशीच होते. तुमचा आवाज वर आला."

मी भाताचं पातेलं तिच्याकडं सरकवलं.

"पाच म्हनलात ना, तवा समजलं की आता वर कोनी येऊन न्हाई राह्यलं. ओरडले, पन घसाच बंद. मंग तुमची तांब्याची गोष्ट आठवली. आज्जीचं ताट तिथंच होतं, तेच गजावर वाजवून राह्यले."

रागानं बोलली नाही. झालेलं सांगावं तसं सांगितलं, आणि जेवण संपवलं. मग सवयीनं ताट घेऊन मोरीवर गेली, धुतलं, पुसलं, आणि या वेळी ते वर न नेता आईच्या हातात दिलं. मी तिची ट्रंक एसटी स्टँडपर्यंत नेऊन दिली. नांदेडची गाडी लागलेली होती. चढता चढता ती थांबली.

"मामा, त्या म्हातारीला पाव्हण्याचं नाव ठाऊक न्हवतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"तरी तिनं लिवायला लावलं," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली.